सणाचा यजमान

सण आणि सुटी हे शब्द आपण हल्ली जोडीने उच्चारतो. परंतु त्यांचे स्वभाव एकमेकांच्या विरुद्ध आहेत. सुटी म्हणजे कर्तव्यातून मोकळीक आणि सण म्हणजे एरवी नसलेल्या कर्तव्यांचा स्वीकार. सुटीच्या दिवशी मनुष्य उशिरा उठतो; नरकचतुर्दशीला त्याने आकाशात चंद्र असतानाच उठावे अशी अपेक्षा असते. सुटीत हात मोकळे असतात, सणात ते पिठाने माखलेले असतात. ज्या घरांत मुले लहान आहेत आणि आईवडील दोघेही नोकरीला जातात, तेथे गणेशचतुर्थीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतच्या दोन-सव्वादोन महिन्यांत हा विरोध दरवर्षी नव्याने उभा राहतो, आणि त्यातूनच एक प्रश्न निघतो. निम्म्या वस्तू मिळत नसता, निम्मी श्रद्धा उरलेली नसता, परगावी केवळ मुलांच्या आठवणीत काही राहावे म्हणून जो सण होतो, तो सण की सणाचे नाटक?

हा प्रश्न इंदूरच्या तुकोगंजात राहणाऱ्या एका तरुण आईचा आहे. तुकोजीराव होळकरांचे नाव मिरवणारी ही वस्ती. एके काळी तेथे मोठाली आवारे आणि बंगले होते. आज त्यांच्यापैकी पुष्कळांच्या जागी सदनिका, दवाखाने आणि कार्यालये उभी आहेत. साउथ तुकोगंजातल्या नाथ मंदिरात मात्र मराठी माणसांची ये-जा अजून चालू आहे. या बाईंचे माहेर इंदुरातच. होळकरशाहीच्या काळी माळव्यात आलेल्या घरांपैकी ते एक. त्या घरच्या मराठीत हिंदीने केव्हाच बिऱ्हाड केले आहे. पती फोंड्याकडचे सारस्वत. ते आईशी कोंकणीत, पत्नीशी मराठीत आणि मुलांशी, कितीही ठरवले तरी, बहुधा हिंदीत बोलतात. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचांचा. चार भाषांच्या वळणांवर उभे असलेले असे घर आज अपवाद राहिलेले नाही, आणि म्हणूनच त्याची हकीकत सांगण्याजोगी वाटते.

कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात, आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. हे फळ इंदूरच्या बाजारात कोठून मिळणार? लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत पतिराजांनी एक कोवळी काकडी आणली आणि तिच्यावर काम भागवले. पुढे दरवर्षी काकडीच आली. मुले मोठी होऊ लागली ती हे पाहत, की दिवाळीला काकडी फोडायची असते. मग एका वर्षी गंमत झाली. आदल्या रात्री धाकट्याने ती काकडी मीठ लावून खाऊन टाकली. पहाटे साडेचारला शोधाशोध सुरू झाली. काकडीसारखे हिरवे, लांबट, कोवळे काय आहे? मुलीने दोडक्याचा तुकडा आणला, वडिलांनी भोपळी मिरची पुढे केली. त्या वर्षी गोव्याहून आजी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “काकडीसारखे काय शोधता? कारिटासारखे शोधा.” आणि भाजीच्या टोपलीतून त्यांनी एक लहानसे कारले काढून दिले. धाकट्याने ते चाटले, तोंड वेडेवाकडे केले आणि विचारले, “आज्जे, हें कितें?” या विधीत कडवटपणा आहे हे त्या मुलांना त्या दिवशी प्रथम कळले.

आजींनी मीमांसाशास्त्र वाचलेले नाही. परंतु त्यांनी दिलेला निर्णय जैमिनीच्या मीमांसासूत्रांत, सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, जवळजवळ जसाच्या तसा आहे. यज्ञाला सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर काय करावे, याची चर्चा तेथे विस्ताराने केली आहे. व्रीही मिळाले नाहीत तर कर्म टाकावे काय? नाही, त्यांच्याशी सदृश असे नीवार घ्यावेत. या पर्यायी द्रव्याला शास्त्रात ‘प्रतिनिधी’ म्हणतात. मग तो प्रतिनिधीही नाहीसा झाला तर? तेव्हा प्रतिनिधीशी सदृश असे द्रव्य शोधायचे नाही. मूळ सांगितलेल्या द्रव्याशी सदृश असे शोधायचे. नकलेची नक्कल करीत गेले तर चौथ्या पायरीला मुळाशी काहीच नाते उरत नाही, हे त्या सूक्ष्म बुद्धीच्या लोकांनी ओळखले होते. आणि मूळ द्रव्य पुन्हा मिळू लागले, तर प्रतिनिधीचे प्रेम न धरता मुळाकडे परतावे, असेही त्यांनी सांगितले आहे. माळव्यात काचरी नावाचे जे रानफळ होते, ते कारिटाच्याच जातकुळीचे. या घराला ते अद्याप सापडलेले नाही. मुलगी मात्र शोधात आहे.

तेव्हा वस्तू बदलली म्हणून सण खोटा ठरतो, ही समजूत आपल्या परंपरेला धरून नाही. वस्तूंच्या बाबतीत परंपरा आपण मानतो त्याहून पुष्कळ उदार आहे. त्याच पादात आणखी एक भेद केला आहे. नित्य कर्म, म्हणजे जे केलेच पाहिजे ते, यथाशक्ती केले तरी पुरे होते. एखादे अंग उणे राहिले तरी ते कर्म फुकट जात नाही. काम्य कर्म, म्हणजे जे एखाद्या फळाच्या इच्छेने करायचे ते, मात्र सर्व अंगांसह यथासांग झाले तरच फळ देते. आपल्या घरांतल्या दिवाळीकडे या दृष्टीने पाहिले की बरेच काही उलगडते. शेजाऱ्यांना दाखवावी, दूरच्या नातलगांना छायाचित्रे पाठवावीत या इच्छेने केलेली दिवाळी काम्य होते, आणि मग एक करंजी फुटली तरी घरात अश्रू येतात. दिवाळी आली म्हणून केलेली दिवाळी नित्य असते. तिला चार करंज्या फुटलेल्या चालतात.

पण उदारतेलाही सीमा आहे. जैमिनीने द्रव्याला प्रतिनिधी दिला, देवतेला दिला नाही. हा नियम फोंड्याकडच्या वाचकांना मी नव्याने समजावून सांगायला नको. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली साष्टीतील देवालये उद्ध्वस्त होऊ लागली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. जागा बदलली, देवळाचे दगड बदलले, तळी, वाटा, भोवतालची झाडे सारे बदलले. परंतु कोणी असे म्हटले नाही, की या गावी एखादा दुसरा देव आहेच, त्यालाच मंगेश म्हणू. रात्रीच्या अंधारात नदी ओलांडून माणसे आपला देव घेऊन गेली. जे बदलू दिले आणि जे बदलू दिले नाही, त्यांतला विवेक त्या माणसांना संकटाच्या घाईतही सुटला नाही.

आणि प्रतिनिधी नाही अशी दुसरी गोष्ट म्हणजे स्वामी, अर्थात यजमान. तांदूळ दुसरे चालतील. ज्याचा यज्ञ आहे तो माणूस दुसरा चालणार नाही. तुकोगंजातल्या त्या घराचा खरा पेच मला येथे दिसतो. काकडी की कारले, हा पेच सोपा होता. कठीण पेच फराळाचा आहे. छप्पन दुकानांच्या या शहरात चकली, शेव, अनारसे, काय हवे ते उत्तम मिळते, घरपोच येते. रांगोळीचे छापील तुकडे मिळतात, ते जमिनीला चिकटवले की झाले. पूजा सांगणारा आवाज दूरध्वनीच्या यंत्रातून निघतो. यांतले प्रत्येक द्रव्य वेगळे घेतले तर प्रतिनिधी म्हणून त्याला हरकत घेता येणार नाही. चकली विकतची असली म्हणून दिवाळी बुडत नाही. परंतु सगळीच अंगे दुसऱ्यांनी केली, आणि घरच्यांनी केवळ दार उघडून पुडकी आत घेतली, तर त्या दिवाळीचा यजमान कोण? पुडकी आणून देणारा बिचारा मुलगा तर नव्हे; त्याला त्या दिवशी स्वतःच्या घरीही जाता येत नाही.

व्रतांच्या बाबतीत धर्मशास्त्राने थोडी ढील दिली आहे हे खरे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पाचवा खंड व्रते, उत्सव आणि काल यांच्या विवेचनाने आरंभिला आहे. १९५८ साली निघालेला तो भाग चाळला म्हणजे या विषयाचा पसारा केवढा आहे ते दिसते. आजारी किंवा असमर्थ माणसासाठी पती, पत्नी, पुत्र, भाऊ, बहीण, पुरोहित यांनी उपवास केलेला निबंधकारांना मान्य आहे. पण ही यादी पाहा. पुरोहित सोडला तर सारी घरचीच माणसे आहेत. सुनेला रजा मिळाली नाही म्हणून आजींनी चकल्या पाडल्या, तर त्या यादीच्या बाहेर काही घडले नाही.

मात्र येथे एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या घरांतले पुरुष पुष्कळ पिढ्या असे समजत आले, की पाटावर बसतो तो यजमान आणि चुलीपुढे उभी राहते ती त्याची मदतनीस. शास्त्राचा आधार सांगणाऱ्यांनी ते शास्त्र नीट पाहावे. त्याच सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादात स्त्रीला यज्ञाचा अधिकार आहे की नाही याची चर्चा आहे. आक्षेप मांडून, त्यांचे खंडन करून, पतिपत्नींचा अधिकार जोडीचा आहे असा निर्णय दिला आहे. म्हणजे दोघेही स्वामी. मग जो स्वामी वर्तमानपत्र वाचीत बसतो आणि दुसऱ्या स्वामीला मध्यरात्रीपर्यंत कढईपुढे उभे ठेवतो, त्याने आपल्या जागी प्रतिनिधी नेमला असेच म्हणावे लागेल. आणि ते तर निषिद्ध आहे. तुकोगंजातल्या बाईंची तक्रार नेमकी हीच होती, पण ती त्यांनी तक्रारीच्या शब्दांत मांडली नाही. त्या इतकेच म्हणाल्या, “मुलांच्या आठवणीत दिवाळी राहील हो, पण माझ्या आठवणीत फक्त भांडी राहतात.” हे वाक्य ऐकून त्यांचे पती गप्प झाले. पुढच्या दिवाळीला शंकरपाळे लाटायला ते बसले. ते वाकडेतिकडे झाले हे सांगायला नकोच.

मला वाटते, कुटुंबाचा सण एकट्या यजमानाच्या यज्ञापेक्षा ‘सत्र’ नावाच्या यज्ञाला अधिक जवळचा आहे. सत्रात सतरा ते चोवीस यजमान एकत्र बसतात, आणि तेच ऋत्विजही असतात. त्यात दक्षिणा नाही, कारण देणारा आणि घेणारा वेगळा नाही. या एकाच यज्ञात, सत्र चालू असता कोणी दिवंगत झाला तर त्याच्या जागी दुसऱ्याला आणून बसवता येते. आणि अशा आलेल्या माणसाला यजमानाचे सारे नियम पाळावे लागतात, फळ मात्र त्याचे नसते. ज्या घरांत आजोबांच्या पश्चात त्यांची आरतीची जागा नातवाने घेतली आहे, त्यांनी हा नियम जरूर आठवावा.

इंदूर शहरानेच याचे एक मोठे उदाहरण दाखवले आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री तेथे कापडगिरण्यांच्या झांक्या निघतात. लोकमान्यांनी १८९३ साली गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले. त्याचे वारे माळव्यात पोचले आणि हुकुमचंद, मालवा, स्वदेशी, राजकुमार, कल्याण या गिरण्यांच्या कामगारांनी दिव्यांनी उजळलेले चित्ररथ मिरवणुकीत आणण्याचा परिपाठ पाडला. त्याला आता शतक होत आले आहे. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली. इतर गिरण्यांचे भोंगेही पुढे थांबले. वास्तविक झांकी हे गिरणीचे वैभव होते. गिरणी गेली तेव्हा तिने जायला हवे होते. पण कामगारांनी वर्गणी काढली, महापालिका आणि इंदूर विकास प्राधिकरण यांच्या दारी ते मदतीसाठी गेले, आणि ज्यांचा पगार थांबला होता त्यांनी गणपतीपुढचे दिवे थांबू दिले नाहीत. त्यांची देणी मिळायला २५ डिसेंबर २०२३ हा दिवस उजाडला; त्या दिवशी सुमारे २२४ कोटी रुपये चुकते करण्यात आले. बत्तीस वर्षे! महामारीमुळे २०२० आणि २०२१ या दोन वर्षी मिरवणूक निघाली नाही. पण एरवी, गिरणीवाचून, गिरणीच्या नावाने ती निघत राहिली. द्रव्य गेले, स्थळ गेले, धनी गेला. यजमान उरला होता. तुकोगंजातली ती दोन मुले वडिलांच्या खांद्यावर बसून या झांक्या पाहतात, आणि गिरणी म्हणजे काय हे त्यांना मुळीच ठाऊक नाही. त्यांना हे कोणी तरी सांगितले पाहिजे.

आता त्या बाईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग, श्रद्धेचा. त्या म्हणतात, नरकासुराची कथा मी मुलांना सांगते, पण ती घडली असे मी स्वतः मानत नाही. मग मी मुलांपुढे खोटे वागते काय? या बाबतीतही मीमांसकांचे म्हणणे विचार करायला लावणारे आहे. यज्ञ करणाऱ्याने देवतेला देह आहे, ती येते, खाते, असे मानलेच पाहिजे असा शबरस्वामींचा आग्रह नाही. उलट त्यांनी ते नाकारले आहे. देवळात जाऊन देवाला डोळे भरून पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे मत रुचणार नाही, आणि रुचावे असा माझा हट्टही नाही. पण त्यांची यागाची व्याख्या ध्यानात घेण्यासारखी आहे: देवतेला उद्देशून द्रव्याचा त्याग, तो याग. उद्देश खरा हवा आणि त्याग खरा हवा. हीच कसोटी लावली, तर या घरच्या पहाटेत खोटे काय आहे? साखरझोप सोडलेली असते. दिवाळीच्या चार दिवसांच्या रजेत डोंगरावरच्या एखाद्या विश्रामगृहात जाऊन पडता आले असते, ते सोडलेले असते. ‘इदं न मम’ म्हणायला संस्कृत यायलाच हवे असे नाही. ज्या दिवाळीत कोणी काहीच सोडलेले नाही, ती दिवाळी मात्र श्रद्धा कितीही असली तरी मला संशयास्पद वाटते.

सादृश्य असले तरी काही द्रव्ये निषिद्ध असतात, असेही जैमिनी सांगतो. मूग नाहीत म्हणून त्यांच्यासारखे दिसणारे उडीद चालत नाहीत. आजच्या सणात असे उडीद कोणते? माझे मत विचाराल तर, आठवण करून ठेवण्यासाठी केलेली गोष्ट. अभ्यंगाच्या वेळी उटण्याने माखलेल्या मुलाला “थांब, इकडे पाहा” म्हणून थांबवायचे, आणि थंडीत कुडकुडणाऱ्या त्याचे छायाचित्र तीनदा घ्यायचे. दिसायला हे वात्सल्यच आहे. पण त्या क्षणी आई यजमानाचे आसन सोडून प्रेक्षकांत जाऊन बसलेली असते, आणि मूल ते ओळखते. आठवणी अशा हुकमाने तयार होत नाहीत. त्या बाईंना स्वतःच्या माहेरच्या दिवाळीतले काय आठवते ते मी विचारले. लक्ष्मीपूजन आठवले नाही. आठवला तो बंबाचा धूर, ओल्या केसांवरून आईने फिरवलेला पंचा, आणि फटाक्यांच्या वासात मिसळलेला पोह्यांचा वास. आणखी आठवली श्राद्धपक्षातली संजा. माळव्यातल्या मैत्रिणींबरोबर त्या संध्याकाळी भिंतीवर शेणाची चित्रे काढून त्यांत फुले खोचीत, आणि पुढे नवरात्र लागले की घरी पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरीत. संजा कोणाची आणि भोंडला कोणाचा, हा भेद त्यांना लग्न होईपर्यंत कळला नव्हता. कोणी मुद्दाम शिकवले नव्हते. भिंत होती, शेण होते, मैत्रिणी होत्या. सदनिकेच्या रंगवलेल्या भिंतीला शेण लावता येत नाही म्हणून आता मुलगी पुठ्ठ्यावर संजा काढते. पुठ्ठा हा प्रतिनिधी. फुले ती स्वतः वेचून आणते.

पोह्यांवरून आठवले. गोव्यात नरकचतुर्दशीला फोव हाच मुख्य पदार्थ. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, तिखट, असे अनेक परींचे. आणि इंदूर हे तर पोह्यांचेच गाव. तेथे सणाची वाट पाहावी लागत नाही, रोज सकाळी रस्त्याच्या कडेला वाफेवर ठेवलेले पोहे जिलबीबरोबर मिळतात. या घरी दिवाळीच्या सकाळी आजींच्या पद्धतीचे नारळाच्या रसातले गोड फोव होतात आणि सुनेच्या माहेरचे पिवळे पोहेही होतात. मुले गोड फोवांवर शेव आणि जिरावण घालून खातात. आजींना हे पाहवत नाही. मी शास्त्रात शोधले. याला आधार सापडला नाही, तसा निषेधही नाही.

गेल्या दिवाळीत आजी आल्या नव्हत्या. प्रकृती बरी नसल्याने त्या फोंड्याच्या घरीच राहिल्या. पहाटे पाचला मुलांनी दूरध्वनीवर त्यांचे चित्र लावले, यंत्र तुळशीच्या कुंडीला टेकवून उभे केले आणि विचारले, “आज्जे, फोडूं?” एवढ्या दुरून, काचेतून पाहणारी आजी यजमानांत धरायची की प्रेक्षकांत, हा प्रश्न मला त्या बाईंनी पुन्हा विचारला आहे. मी अजून उत्तर दिलेले नाही. त्या पहाटे आजी पलीकडे, आपल्या अंगणात, पायाशी खरे कारीट घेऊन उभ्या होत्या, आणि दोन्हीकडे एकदमच फुटावे म्हणून धाकटा मोठ्याने आकडे मोजत होता.